अर्धे वचन आणि शाळेची बस

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातील क्लॅरेंडन काउंटीत १९४७ साली काही कृष्णवर्णीय पालकांनी शाळा मंडळाकडे एक मागणी केली. आमच्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत घ्या, असे त्यांचे म्हणणे नव्हते. त्यांना एक बस हवी होती. त्या काउंटीत गोऱ्या मुलांसाठी तीस बसगाड्या धावत होत्या आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी, जी संख्येने गोऱ्या मुलांहून कितीतरी अधिक होती, एकही नव्हती. लेव्हाय पिअर्सन या शेतकऱ्याची मुले नऊ मैलांवरच्या शाळेत जात. पिअर्सन न्यायालयात गेले, तेव्हा त्यांची जमीन दोन शाळा-हद्दींच्या सीमेवर आहे आणि ते कर दुसऱ्याच हद्दीत भरतात, एवढ्या कारणावरून त्यांचा दावा निकालात निघाला. या पालकांना उभे करणारे जोसेफ डिलेन हे शाळामास्तर होते आणि आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे धर्मोपदेशकही होते. मुलांना वाचायला शिकवणे आणि रविवारी मंडळीला वचनाचा अर्थ सांगणे, ही दोन्ही कामे ते एकाच आवाजात करत असत.

एका बसपासून निघालेली गोष्ट दोन वर्षांत समान शाळांच्या अर्जापर्यंत आली. १९४९-५० या वर्षात त्या काउंटीत गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर आणि कृष्णवर्णीय मुलामागे ४३ डॉलर खर्च होत होते. अर्जावरच्या सह्यांत पहिले नाव हॅरी ब्रिग्ज यांचे होते. त्यांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली आणि त्यांच्या पत्नीचे मोटेलमधले कामही गेले. १९५१ साली डिलेन यांचे घर जळाले, १९५५ साली त्यांचे चर्च जळाले, आणि घरावर झालेल्या गोळीबाराला उत्तर दिल्याबद्दल त्यांच्याच नावाने वॉरंट निघाले, तेव्हा त्यांना राज्य सोडून जावे लागले. ते वॉरंट २००० साली रद्द झाले. डिलेन त्यापूर्वी सव्वीस वर्षे वारले होते. डिलेन राज्य सोडून गेले त्याआधीच ब्रिग्ज यांचा दावा इतर राज्यांतल्या दाव्यांसह सर्वोच्च न्यायालयात पोहोचला होता, आणि १७ मे १९५४ रोजी नऊही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले होते की सार्वजनिक शिक्षणात 'वेगळे पण समान' या तत्त्वाला जागा नाही.

या प्रकरणातला एक भाग मला नेहमी अस्वस्थ करतो. ज्यांनी सह्या केल्या ते आणि ज्यांनी सह्या करणाऱ्यांची रोजीरोटी तोडली ते, दोघेही एकाच ग्रंथावर, बायबलवर, श्रद्धा ठेवणारे होते. भाषा एक, भाषांतर एक, रविवारची वेळही एक. मग एका बाजूला त्या ग्रंथातून बस मागण्याचे बळ मिळते आणि दुसऱ्या बाजूला ती नाकारण्याचे समाधान मिळते, हे कसे? हा प्रश्न फक्त धर्मपंडितांवर सोडून चालणार नाही. जिथे जिथे एखादा प्रमाणग्रंथ, मग तो धर्माचा असो की कायद्याचा, माणसांची जागा ठरवतो, तिथे तिथे तो उभा राहतो. माझे म्हणणे असे आहे की ग्रंथाचा अर्थ केवळ व्याकरणाने ठरत नाही आणि केवळ परिषदांच्या ठरावांनीही ठरत नाही. जे लोक तो आपला मानतात त्यांनी तो प्रत्यक्षात काय म्हणून वागवला, यावरून त्याचा जिता अर्थ ठरतो, आणि तो तपासण्यासाठी शाळेइतकी नेमकी जागा दुसरी नाही.

वचनापासूनच सुरुवात करू. नव्या करारातील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात सव्विसावे वचन आहे. पौल अथेन्समध्ये अरियपगावर उभा राहून सांगतो की देवाने एकापासून माणसांची सर्व राष्ट्रे उत्पन्न केली, त्यांनी पृथ्वीच्या पाठीवर राहावे असे केले, आणि त्यांचे नेमलेले काळ व त्यांच्या वस्तीच्या सीमा ठरवल्या. अमेरिकेत तेव्हा सर्वत्र वाचल्या जाणाऱ्या जुन्या इंग्रजी भाषांतरात 'एका रक्तापासून' असे शब्द आहेत. अधिक जुन्या हस्तलिखितांत 'रक्त' हा शब्द नाही, नुसते 'एकापासून' आहे. एका वाक्याचे हे दोन तुकडे पाडले गेले. विलगीकरणाविरुद्ध, म्हणजे वर्णावरून माणसांना वेगळे ठेवण्याविरुद्ध, बोलणाऱ्यांनी पहिला तुकडा उचलला: सर्व माणसे एका रक्ताची. विलगीकरणाच्या समर्थकांनी दुसरा उचलला: सीमा देवानेच आखल्या. १७ एप्रिल १९६० रोजी, ईस्टरच्या रविवारी, धर्मोपदेशक बॉब जोन्स (थोरले) यांनी रेडिओवरून दिलेल्या प्रवचनाचा आधार हेच वचन होते. वेगळेपण देवाने ठरवलेले आहे आणि त्याविरुद्ध चळवळ करणे म्हणजे देवाविरुद्ध जाणे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मराठी वाचकाला वचनाचा अर्थ लावण्याच्या रीती परक्या नाहीत. ग्रंथाचे तात्पर्य ठरवायचे तर उपक्रम आणि उपसंहार यांचा मेळ पाहावा, वारंवार काय सांगितले आहे ते पाहावे, नवे काय सांगितले आहे आणि प्रयोजन कोणते सांगितले आहे ते पाहावे, असे मीमांसकांनी सांगून ठेवले आहे. लोकमान्य टिळकांनी गीतेचे तात्पर्य ठरवताना हीच कसोटी पुढे ठेवली. ती पौलाच्या भाषणाला लावून पाहिली तर बॉब जोन्स यांचा अर्थ टिकत नाही. भाषणाचा आरंभ 'अज्ञात देवा'च्या वेदीपासून होतो, आणि देव माणसाच्या हातांनी बांधलेल्या मंदिरांत राहत नाही, हा त्याचा पहिला मुद्दा आहे. सीमांचा उल्लेख येतो त्याच्या लगेच पुढच्या वचनात त्याचे प्रयोजन दिले आहे: माणसांनी देवाला शोधावे, आणि तो आपल्यापैकी कोणापासूनही दूर नाही. पुढे पौल ग्रीक कवींचाच आधार घेऊन म्हणतो की आपण त्याचे वंशज आहोत, आणि शेवटाकडे येताना सर्व ठिकाणच्या सर्व माणसांना हाक घालतो. आपण याच मातीतून उगवलो असा अभिमान बाळगणाऱ्या अथेन्सकरांपुढे हे भाषण झाले, हे ध्यानात घेतले तर 'एकापासून' या शब्दाचा रोख कोणाकडे होता ते उघड होते. वाक्याचा मधला तुकडा तोडून त्यावर शाळेची भिंत उभी करणे हे अर्थ लावणे नव्हे.

गुलामी आणि विलगीकरण यांच्या समर्थनासाठी पुढे केल्या गेलेल्या नोहाच्या शापाची गत याहून वाईट आहे. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात शाप देणारा देव नाही, नोहा आहे. शाप नोहाचा मुलगा हाम याला नाही, हामचा मुलगा कनान याला आहे. आणि त्या साऱ्या कथेत कातडीच्या रंगाचा एक शब्दही नाही. स्टीफन हेन्स आणि डेव्हिड गोल्डनबर्ग या अभ्यासकांनी या कथेत वर्ण आणि गुलामी शतकानुशतके कशी भरली गेली, याचा माग काढला आहे. तो वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. व्यवस्था आधी उभी राहिली आणि वचन नंतर शोधले गेले.

परंतु इथेच थांबलो, चुकीचा अर्थ दाखवून दिला आणि प्रश्न सुटला असे मानले, तर आपण फार वरवर राहू. कारण विलगीकरणाच्या समर्थकांतील शहाण्या माणसांनाही हे ठाऊक होते. मिसिसिपीतील बेलहेवन कॉलेजचे माजी अध्यक्ष जी. टी. गिलेस्पी यांनी १९५४ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या चर्चच्या सभेपुढे भाषण दिले. वर्णांना वेगळे ठेवावे किंवा ठेवू नये याबद्दल बायबलमध्ये स्पष्ट आज्ञा नाही, हे त्यांनी त्यात कबूल केले, आणि लगेच पुढे सांगितले की तरीही त्यातून विलगीकरणाला अनुकूल अनुमाने काढता येतात. हे भाषण गोऱ्यांच्या सिटिझन्स कौन्सिलने छापून वाटले. कबुलीचा भाग वाचकांच्या मनात किती राहिला असेल आणि अनुमानाचा किती, हे सांगायला नको.

या मुद्द्यावर इतिहासकारांत खरा मतभेद आहे. डेव्हिड चॅपेल यांनी २००४ साली असे प्रतिपादन केले की विलगीकरणाच्या बाजूला धर्माचे बळ कधीच नीट उभे राहिले नाही. १९५४ च्या निकालानंतर काही आठवड्यांतच सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन आणि दक्षिणेकडील प्रेस्बिटेरियन चर्च या दोन्ही मोठ्या संघटनांच्या वार्षिक सभांनी निकालाला अनुकूल ठराव केले. गिलेस्पींसारख्यांचे युक्तिवाद लेचेपेचे होते. उलट कृष्णवर्णीयांच्या चळवळीला जुन्या करारातल्या संदेष्ट्यांच्या वाणीतून अढळ बळ मिळाले. २००४ सालीच जेन डेली यांनी नेमके उलट मांडले. त्यांच्या मते विलगीकरणाचे धर्मशास्त्र सामान्य गोऱ्या दक्षिणी माणसाच्या मनात खोल रुजलेले होते, आणि त्याचा गाभा मिश्रविवाहाच्या भीतीत होता: शाळेच्या बाकावर सुरू झालेली ओळख उद्या लग्नाच्या वेदीपर्यंत जाईल, ही ती भीती. १९६५ साली व्हर्जिनियातील न्यायाधीश लिऑन बॅझिल यांनी एका आंतरवर्णीय दांपत्याची याचिका फेटाळताना लिहिले की सर्वशक्तिमान देवाने निरनिराळ्या वर्णांना निरनिराळ्या खंडांवर ठेवले, त्या अर्थी त्यांची सरमिसळ व्हावी असा त्याचा हेतू नव्हता. न्यायाधीशाच्या लेखणीतून उतरलेले हे वाक्य पौलाच्या वचनाच्या दुसऱ्या तुकड्याचाच प्रतिध्वनी आहे. पुढे कॅरोलिन डुपॉन्ट यांनी मिसिसिपीतील आणि रसेल हॉकिन्स यांनी दक्षिण कॅरोलिनातील चर्चच्या कागदपत्रांतून दाखवले की वरच्या सभांनी ठराव केले तरी खालच्या मंडळ्यांनी त्यांचा निषेध केला, पाळकांवर दबाव आणला आणि देणग्या रोखण्याच्या धमक्या दिल्या.

यात कोणाचे खरे मानायचे? चॅपेल यांचे निम्मे म्हणणे मला पटते. चळवळीला मिळालेले प्रार्थनेचे आणि वचनाचे बळ विरोधकांजवळ नव्हते, हे खरे आहे. पण विरोधकांची बाजू मोजताना त्यांनी जिथे पाहिले ती जागा अपुरी आहे. ठराव सभेत होतात आणि धर्म बाकांवर बसलेल्या माणसांत असतो. लिटल रॉकच्या शाळेत १९५७ साली नऊ मुलांना सैनिकांच्या पहाऱ्यात न्यावे लागले. त्यानंतर अर्नेस्ट कॅम्बेल आणि थॉमस पेटिग्रू या समाजशास्त्रज्ञांनी त्या शहरातील पाळकांचा अभ्यास केला. मुलाखती घेतलेल्यांपैकी बहुतेक पाळक मनातून एकत्र शाळांच्या बाजूचे निघाले, आणि त्यांतले बहुतेक गप्प बसले होते. आपला भक्तसमुदाय कोणते वाक्य सहन करील आणि कोणते नाही, हे त्यांना बरोबर ठाऊक होते. त्या रविवारी व्यासपीठावरून जे उच्चारले गेले नाही, तेही त्या मंडळीने केलेले भाष्यच होते.

या वादाचा निवाडा करणारी कसोटी मला एका मराठी माणसाच्या इंग्रजी भाषणात सापडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि मंडळाने परिषदच रद्द केल्यामुळे न दिलेले ते भाषण आहे. शास्त्रांचा व्याकरणशुद्ध अर्थ लावला तर ती जे सांगतात असे लोक मानतात ते ती सांगतच नाहीत, असा युक्तिवाद करण्यात काही हशील नाही. लोकांनी शास्त्रे कशी समजून घेतली आहेत, हाच खरा प्रश्न आहे, असे त्यांनी त्यात बजावले. गांधीजींनी उत्तरादाखल लिहिले की धर्माची पारख त्याच्या उत्तम प्रतिनिधींवरून करावी. आंबेडकरांना हे मान्य नव्हते, कारण उत्तम प्रतिनिधी मोजके असतात आणि गावाच्या विहिरीवर ते उभे नसतात. चॅपेल आणि डेली यांच्यातला वाद या कसोटीवर ठेवला की उलगडतो: ठरावांची भाषा हा उत्तम प्रतिनिधींचा पुरावा आहे, आणि ब्रिग्ज यांची गेलेली नोकरी हा लोकांनी समजून घेतलेल्या अर्थाचा. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, आणि १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉय यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील निवेदनाची चौकशी केली होती. त्याही आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले होते. या दोन प्रश्नांची सांगड मी आज घालतो आहे असे नव्हे. ती आपल्याकडे दीडशे वर्षांची आहे.

आता दुसऱ्या ग्रंथाकडे वळतो. अमेरिकेत राज्यघटना आणि तिच्यावरचे मोठे निकाल जवळजवळ धर्मग्रंथासारखे वाचले जातात. यारोस्लाव्ह पेलिकान यांच्यासारख्या चर्चच्या इतिहासकाराने बायबलचा अर्थ लावण्याच्या आणि घटनेचा अर्थ लावण्याच्या परंपरा शेजारी ठेवून तपासल्या आहेत. हे साम्य मला केवळ पांडित्याचे वाटत नाही, कारण विलगीकरणाच्या प्रश्नात ते माणसांच्या आयुष्यात उतरलेले दिसते.

जॉर्ज मॅक्लॉरिन यांचे उदाहरण घ्या. साठी उलटलेला हा कृष्णवर्णीय शिक्षक ओक्लाहोमा विद्यापीठात शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट करू पाहत होता. न्यायालयाच्या आदेशामुळे विद्यापीठाला त्याला प्रवेश द्यावा लागला. विद्यापीठाने 'प्रवेश' या शब्दाचा अर्थ केला तो असा: वर्गाला लागून असलेल्या एका कोनाड्यात त्याची खुर्ची ठेवली, जिथून फळा आणि शिक्षक दिसत, ग्रंथालयात पोटमाळ्यावर त्याला वेगळे टेबल दिले, भोजनगृहात वेगळे टेबल दिले आणि वेळही वेगळी ठेवली. हे वाचताना साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर, वर्गातच पण वर्गापासून दूर बसणारे लहान भीमराव डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहत नाहीत. शिपाई नसला तर त्यांना पाणीही मिळत नसे, कारण नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. दोन्ही ठिकाणी दार उघडलेले होते आणि नाव पटावर होते. १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने मॅक्लॉरिन यांच्या बाजूने निकाल दिला. कोनाडा म्हणजे प्रवेश नव्हे, हे सांगायला देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला बसावे लागले.

१९५४ च्या निकालाचेही तेच झाले. न्यायालयाने १९५५ साली अंमलबजावणीचा आदेश दिला तेव्हा त्यात 'विचारपूर्वक त्वरेने' असा शब्दप्रयोग केला, आणि दक्षिणेतील राज्यांनी त्यातला विचार तेवढा घेतला, त्वरा बाजूला ठेवली. त्याच वर्षी जुलैमध्ये क्लॅरेंडन काउंटीचा दावा खालच्या न्यायालयात परत आला. तिथे न्यायाधीश जॉन पार्कर यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर एक वाक्याचे भाष्य केले: राज्यघटना एकत्रीकरणाची सक्ती करत नाही, ती केवळ भेदभावाला मनाई करते. वाक्य दिसायला निरुपद्रवी आहे, आणि तर्कदृष्ट्या त्यात थोडे तथ्यही आहे. पण त्या एका वाक्याच्या आधारे शाळा मंडळांनी 'निवडीचे स्वातंत्र्य' देणाऱ्या योजना काढल्या, ज्यांत ज्याला हवे त्याने अर्ज करावा अशी तरतूद असे, आणि अर्ज करणाऱ्याचे काय होते ते ब्रिग्ज कुटुंबाच्या अनुभवावरून साऱ्या काउंटीला ठाऊक होते. बस मागण्यापासून जिथे हा लढा सुरू झाला, त्याच दाव्यात तो निकाल निष्प्रभ करणारे भाष्य जन्माला यावे, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत क्लेशदायक सत्य वाटते. त्याच न्यायपीठावर १९५१ साली जे. वेटीज वेअरिंग यांनी आपल्या विरोधी मतात लिहून ठेवले होते की विलगीकरण हीच मुळात विषमता आहे. तेव्हा ते अल्पमतात होते. पुढच्याच वर्षी त्यांनी चार्ल्सटन सोडले आणि ते न्यूयॉर्कला निघून गेले.

परिणाम आकड्यांत दिसतो. जेरल्ड रोझेनबर्ग यांनी दाखवल्याप्रमाणे १९६३-६४ मध्ये, निकालाला दहा वर्षे होत आली तेव्हा, दक्षिणेतील अकरा राज्यांत गोऱ्या मुलांसोबत शिकणारी कृष्णवर्णीय मुले १.२ टक्के होती. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीने १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे आपल्या सर्व सार्वजनिक शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकॅडमी निघाली. कृष्णवर्णीय मुले घरी बसली, काही परगावी नातलगांकडे गेली, काही पुन्हा शाळेत आलीच नाहीत. १९६४ चा नागरी हक्क कायदा, त्यानंतर संघराज्याच्या निधीला जोडलेल्या अटी, आणि १९६८ चा 'आता दिखाऊ योजना पुरे' असे सांगणारा निकाल, यांनंतरच चित्र पालटले, आणि मग ते वेगाने पालटले. १९८८ पर्यंत दक्षिणेतील सुमारे ४३ टक्के कृष्णवर्णीय विद्यार्थी बहुसंख्य गोऱ्या शाळांत शिकत होते. त्यानंतर न्यायालये मागे सरकली आणि हे प्रमाणही घसरत गेले.

२००७ साली सिएटल आणि लुईव्हिल या शहरांच्या प्रकरणात १९५४ च्या निकालाचा अर्थ पुन्हा पणाला लागला. शाळा मिश्र राहाव्यात म्हणून प्रवेश देताना वर्ण विचारात घ्यावा, असे या शहरांच्या शाळा मंडळांनी स्वेच्छेने ठरवले होते. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी ते घटनाबाह्य ठरवताना १९५४ च्याच निकालाचा आधार घेतला आणि शिक्षणाची संधी देताना वर्ण विचारात घेण्याचा अधिकार कोणत्याही राज्याला नाही, हे १९५२ साली कृष्णवर्णीय मुलांच्या वकिलाने न्यायालयापुढे केलेले विधान उद्धृत केले. तो वकील, रॉबर्ट कार्टर, तेव्हा हयात होता. आपल्या विधानाचा हा अर्थ नव्हता, त्या काळी वर्णाचा उपयोग फक्त कृष्णवर्णीयांना संधी नाकारण्यासाठी होत होता, असे त्यांनी सांगितले. भाष्यकार मूळ वक्त्याच्या तोंडावर त्याच्याच शब्दांचा उलटा अर्थ लावू शकतो, याचा इतका स्पष्ट नमुना मला दुसरा ठाऊक नाही. हॉकिन्स यांचे एक निरीक्षण इथे महत्त्वाचे ठरते: साठच्या दशकाच्या उत्तरार्धात देवाने सीमा आखल्या असे उघड म्हणणे अवघड झाले, तेव्हा त्याच मंडळ्यांनी 'आम्ही रंग पाहतच नाही' अशी भाषा स्वीकारली आणि मुलांना खासगी शाळांत नेले. शब्द बदलले आणि बाके वेगळीच राहिली. रंग न पाहण्याचे तत्त्व मानणारा प्रत्येक जण याच वाटेने आला, असा आरोप मी करत नाही. पण ज्या अर्थाचे फळ जुन्या भिंतीसारखेच दिसते, त्या अर्थाची पुन्हा तपासणी करण्याचा हक्क भिंतीपलीकडच्या माणसाला आहेच.

या बाजूला असणाऱ्या माझ्यासारख्याने एका आक्षेपाला प्रामाणिकपणे सामोरे गेले पाहिजे, आणि तो कृष्णवर्णीय विचारवंतांकडूनच आलेला आहे. ड्युबॉय यांनी १९३५ सालीच लिहिले होते की आपल्या मुलांना वेगळ्या शाळाही नकोत आणि मिश्र शाळाही नकोत. त्यांना हवे ते शिक्षण. तिरस्काराच्या वातावरणातील मिश्र शाळेपेक्षा आपुलकीची वेगळी शाळा बरी, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. डेरिक बेल यांनी स्वतः असे खटले लढवल्यानंतर सत्तरच्या दशकात विचारले की वकील आपल्या तत्त्वाची सेवा करत आहेत की आपल्या अशिलांची. व्हेनेसा सिडल वॉकर यांनी उत्तर कॅरोलिनातील कॅसवेल काउंटीच्या कृष्णवर्णीय शाळेचा अभ्यास करून दाखवले की साधने तुटपुंजी असूनही तिथले शिक्षक मुलांकडून उत्तमाची अपेक्षा करत, घरी जाऊन पालकांना भेटत, आणि शाळा ही साऱ्या समाजाची होती. एकत्रीकरण झाले ते बहुतेक ठिकाणी या शाळा बंद करून झाले, आणि हजारो कृष्णवर्णीय शिक्षक व मुख्याध्यापक नोकरीला मुकले. मूल एकटे गोऱ्यांच्या शाळेत गेले. त्याला ओळखणारा मास्तर मागेच राहिला.

हा आक्षेप मला खरा वाटतो, आणि तरीही त्याने माझे मत बदलत नाही. कारण शिक्षकांना काढून टाका असे १९५४ च्या निकालात कुठेही नव्हते. ती शाळा मंडळांनी केलेली निवड होती. एकत्र येणे म्हणजे एका बाजूने आपले सारे सोडून दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून जाणे, असा त्यांनी केलेला अर्थ होता. निकालाचे तत्त्व आणि त्याचे वाचन यांत फरक करायला हवा, नाहीतर मॅक्लॉरिनच्या कोनाड्याचा दोष आपण त्याला प्रवेश देणाऱ्या आदेशावर लादू. अर्थशास्त्रज्ञ रकर जॉन्सन यांनी त्या पिढीतील मुलांच्या पुढच्या आयुष्याचा माग काढला आहे. ज्या ठिकाणी एकत्रीकरण खरोखर झाले आणि त्यासोबत शाळांना पैसा मिळाला, तिथे कृष्णवर्णीय मुलांचे शिक्षण, मिळकत आणि आरोग्य सुधारले, आणि गोऱ्या मुलांचे नुकसान झाले नाही. क्लॅरेंडनच्या पालकांनी बस मागितली होती हे मी सुरुवातीलाच सांगितले, ते याच कारणासाठी. त्यांना शेजारी बसण्याची हौस नव्हती. बस वेगळी ठेवणाऱ्या व्यवस्थेत ती कधीच मिळणार नाही, हे त्यांना दोन वर्षांत कळले होते.

राहतो तो सर्वांत अवघड प्रश्न: एखाद्या समूहाने आपल्या ग्रंथाचा असा अर्थ मनापासून लावला असेल, तर राज्याने काय करावे? बॉब जोन्स यांच्या नावाचे विद्यापीठ दक्षिण कॅरोलिनातच आहे. त्याने १९७१ पर्यंत कृष्णवर्णीयांना प्रवेश दिला नाही आणि त्यानंतरही आंतरवर्णीय प्रेमसंबंध व विवाहाला धर्माच्या आधारे बंदी ठेवली. कर विभागाने त्याची करसवलत काढून घेतली, आणि १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने ते योग्य ठरवले. या निकालावर येल विद्यापीठाचे रॉबर्ट कव्हर यांनी लिहिलेला निबंध मी या विषयावरचे सर्वांत खोल लेखन मानतो. कव्हर दाखवतात की नियम एकटा कधीच नसतो, त्याच्याभोवती कथा असतात. बायबलच्या जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकात नियम आहे की थोरल्या मुलाचा हक्क, तो नावडतीचा असला तरी, हिरावू नये. आणि उत्पत्तीपासून पुढे याकोब, योसेफ, दावीद, शलमोन अशा साऱ्या कथांत देवाची निवड धाकट्यावर पडते. नियम पाठ असलेल्या पण कथा न ऐकलेल्या माणसाला ग्रंथ कळलेला नसतो. समूह असे अर्थ निर्माण करतात, आणि न्यायालय एक अर्थ निवडून बाकीचे मारते, असे कव्हर म्हणतात. म्हणूनच त्यांना १९८३ च्या निकालाचे समाधान नव्हते, जरी निष्पत्ती त्यांना मान्य होती. 'सार्वजनिक धोरण' एवढा मोघम आधार घेऊन न्यायालयाने धर्मसमूहाचे संरक्षणही पातळ केले आणि कृष्णवर्णीयांनाही घटनेचे ठाम वचन दिले नाही. लोकांच्या पैशाने वर्णभेद पोसला जाणार नाही, असे घटनेच्या बळावर स्वच्छ सांगायला हवे होते.

मी कव्हर यांच्याशी सहमत आहे. राज्याने कोणाच्या प्रार्थनास्थळात जाऊन वचनाचा अर्थ दुरुस्त करू नये. ते काम त्या समूहातल्याच माणसांचे आहे आणि त्यांना ते करू द्यावे, कितीही वेळ लागो. पण तो अर्थ शाळेच्या पटावर, करदात्याच्या पैशावर आणि दुसऱ्याच्या मुलावर लागू होऊ लागला की राज्याने मध्ये उभे राहावे, आणि का उभे राहतो ते मोघम शब्दांत लपवू नये. त्या विद्यापीठाने आपली बंदी २००० साली उठवली आणि २००८ साली आपल्या भूतकाळाबद्दल माफी मागितली. ईस्टरच्या त्या प्रवचनाला तोवर अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती.

या साऱ्या विद्वानांच्या रांगेत मला एका निरक्षर बाईला मानाची जागा द्यावीशी वाटते. हॉवर्ड थर्मन हे विसाव्या शतकातील थोर कृष्णवर्णीय धर्मचिंतक. १९३६ साली बारडोलीला येऊन गांधीजींना भेटलेले. फ्लॉरिडातील डेटोना इथे ते लहानाचे मोठे झाले. त्या गावात कृष्णवर्णीय मुलांसाठी सार्वजनिक शाळा सातवीपर्यंतच होती, म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांना आठवी स्वतः शिकवली. घरी आजीला बायबल वाचून दाखवणे हे त्यांचे काम होते. आजी गुलामीत वाढलेली, तिला अक्षर येत नव्हते, पण काय वाचायचे ते ती ठरवी. स्तोत्रे चालत, यशया चाले, शुभवर्तमाने पुन्हा पुन्हा चालत. पौलाची पत्रे मात्र ती वाचू देत नसे, करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातला प्रीतीचा तेरावा अध्याय तेवढा कधीमधी. थोरपणी एकदा धीर करून नातवाने कारण विचारले. तिने सांगितले की गुलामीच्या दिवसांत मालकाचा गोरा पाळक गुलामांपुढे प्रवचन करी, आणि दर वर्षी निदान तीन-चार वेळा त्याचे वचन पौलाचेच असे: 'दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहा.' तेव्हाच तिने मनाशी ठरवले होते की आपण कधी वाचायला शिकलो आणि कधी स्वातंत्र्य मिळाले, तर बायबलचा तो भाग वाचायचा नाही. वाचायला शिकणे तिच्या वाट्याला आले नाही. नातू समोर पुस्तक उघडून बसे, आणि कोणते पान उलटायचे ते ती सांगे.